पेव उघडण्यात आले

जळगावात माझ्या दुकानावर ‘मुद्रक व प्रकाशक’ अशी पाटी लागून पंचवीस वर्षं होत आली. त्यातला मुद्रक घर चालवतो आणि प्रकाशक लोकांना चहा पाजतो. लग्नपत्रिका, कापसाच्या जिनच्या पावत्या, दुकानांची बिलं, शाळांचे परीक्षेचे पेपर ही मुद्रकाची कामं. प्रकाशकाकडे वर्षाकाठी दोन-तीन माणसं येतात, आणि त्यांतला एक तरी वडिलांचं चरित्र छापायचं म्हणून आलेला असतो. या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या आठवणी मागितल्या, तेव्हा त्यांच्या मनात नामवंत लेखक, गाजलेली पुस्तकं असं काही असावं. तसलं माझ्याकडे काही नाही. माझा हात बसला तो घराण्यांच्या चरित्रांवर, म्हणून त्यातलंच सांगतो.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. घरातला कर्ता पुरुष गेला, वर्षश्राद्ध जवळ आलं की मुलांना वाटू लागतं, वडिलांवर एक पुस्तक व्हावं. मुलांना लिहिता येत नसतं, येत असलं तर वेळ नसतो. मग प्रकाशकाने लेखक शोधायचा, त्याला घरच्यांपुढे नेऊन बसवायचं, दोघांत अटी ठरवून द्यायच्या, मजकूर हाती आला की छापायचा आणि पुस्तक निघाल्यावर दोघांचीही बोलणी खायची. पुस्तक खपण्याची काळजी नसते, कारण ते विकत कोणी घेतच नाही. ते वाटलं जातं. आधी फोटो, मग वंशावळ, मग बालपणीचे हाल, मग कष्ट, मग दानधर्म आणि शेवटी लोकांची शोकपत्रं, असा त्याचा ठरलेला साचा.

गिऱ्हाइकं मात्र साच्यातली नसतात. यावलकडच्या एका गृहस्थांनी आपलं चरित्र आपल्या हयातीतच छापून घेतलं आणि शेवटचं पान कोरं ठेवायला लावलं. ते अजून ठणठणीत आहेत आणि बाजारात भेटले की त्या पानाचा विषय काढतात. दुसऱ्या एकाकडे आजोबांचा फोटोच नव्हता. त्याने चुलतभावाला पागोटं घालून खुर्चीत बसवलं, फोटो काढला आणि खाली आजोबांचं नाव घातलं. तो चुलतभाऊ आमच्याच आळीत राहायचा. पुढे वर्षभर आळीतले लोक त्याला ‘कैलासवासी, इकडे या’ अशी हाक मारत.

या गोष्टी मी चारचौघांत हसून सांगतो. पाचोऱ्याच्या पाटलांच्या पुस्तकाची गोष्ट आजवर फारशी सांगितली नाही, कारण तिच्यात हुशारी करणारा मीच होतो.

त्याला आता सतरा-अठरा वर्षं झाली असतील. दौलतआबा पाटील हे मूळचे गिरणाकाठच्या एका खेड्यातले शेतकरी. पुढे कापसाच्या व्यापारात पडले, पाचोऱ्याला स्टेशनाजवळ जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, काढला आणि बघता बघता तालुक्यातले मोठे असामी झाले. त्यांच्या जिनच्या भोंग्यावर लोक स्वयंपाकाला लागायचे. आबा वारले तेव्हा मागे दोन मुलगे होते. थोरले विठ्ठलनाना जिन सांभाळायचे. मोजकं बोलणारे, अंगाने दणकट. धाकटे भास्करराव जळगावात वकिली करायचे आणि घरच्या माणसांशीही उलटतपासणी घेतल्यासारखं बोलायचे. आणि घरात होती आबांची थोरली बहीण. लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेली. आबांना तिनेच वाढवलं, मग आबांच्या मुलांना वाढवलं. सगळा तालुका तिला अक्का म्हणायचा.

नानांच्या जिनची सगळी छपाई माझ्याकडे होती. त्यांनी बोलावल्यावर नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांची मागणी सरळ होती. छप्पनच्या, म्हणजे संवत १९५६ (इसवी सन १९००) च्या, दुष्काळात आबांनी घरचं पेव गावासाठी उघडलं, चार महिने गाव जगवलं, आणि त्याबद्दल सरकारातून आबांना पागोटं बांधण्यात आलं. ही हकीकत पुस्तकात ठसठशीत यावी, बाकीचं कमीजास्त झालं तरी चालेल. पुस्तकाचं नावही त्यांनी ठरवून ठेवलं होतं, ‘अन्नदाते दौलतआबा’. पेव म्हणजे काय, हे हल्लीच्या शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. जमिनीत विहिरीसारखा खोल खड्डा खणायचा, आतून लिंपून भाजून काढायचा, त्यात ज्वारी भरायची आणि तोंड मातीने बुजवून टाकायचं. वर्षानुवर्षं धान्य टिकतं. तसं एक पेव पाटलांच्या जुन्या घराच्या अंगणात होतं.

लेखक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर धुळ्याचे सोनगीरकर मास्तर होते. शाळेत मराठीचं व्याकरण शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांसाठी लिहिलं होतं. हेडमास्तरांची भाषणं त्यांची, पाहुण्यांना द्यायची मानपत्रं त्यांची, दोन क्रमिक पुस्तकांतले निम्मे धडेही त्यांचे, पण नाव कुठेच नाही. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी मोबदल्याचं काही विचारलं नाही. नाव मुखपृष्ठावर असेल की आत, एवढंच विचारलं. मी म्हटलं, दोन्हीकडे. त्यावर ते आत गेले, आणि ते बायकोला मुखपृष्ठ म्हणजे काय ते समजावून सांगत असलेले मला ओटीवर ऐकू आले.

अटी ठरवायची बैठक पाचोऱ्याला झाली. मास्तर चाळीसगावला गाडी बदलून आले, मी जळगावहून गेलो. जिनच्या पेढीवर गादीवर आम्ही चौघं बसलो. भास्कररावांनी, म्हणजे आमच्या वकीलसाहेबांनी, करारनामा घरूनच लिहून आणला होता. मोबदला पाच मिनिटांत ठरला. हस्तलिखित छापण्याआधी घरच्यांनी वाचायचं, हेही ठरलं. तिसरी अट अशी होती की, मजकुरात घरच्यांना योग्य वाटेल तो फेरफार करता येईल. ती ऐकून मास्तरांनी हातातला टाक खाली ठेवला.

“काढायचं असेल ते खुशाल काढा,” ते म्हणाले. “घालायचं असेल ते मात्र माझ्या हातानेच घातलं जाईल.”

वकीलसाहेबांनी विचारलं, दोन्हींत फरक काय. मास्तर म्हणाले, काढलेल्याचा जाब मला कोणी विचारणार नाही, घातलेलं माझ्या नावावर जमा होईल. वकीलसाहेबांना हे पटलं नाही, पण नानांनी मान हलवली, म्हणून तसं लिहिलं गेलं. मग वकीलसाहेबांनी बदल्यात चौथी अट घातली. मतभेद झालाच तर लेखकाला आपलं नाव पुस्तकावरून काढून घेता येईल, मजकूर मात्र घरच्यांचाच राहील. मास्तरांनी ती ओळ पुन्हा वाचली. मी त्यांना म्हटलं की असल्या अटी कागदाच्या शोभेसाठी असतात, त्या वापरायची वेळ येत नाही. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी सही केली. तोवर माझ्या अनुभवात अशी वेळ खरोखरच आलेली नव्हती.

आमच्याकडचे चरित्रलेखक सहसा घरच्यांकडून कागद मागवतात आणि त्यांना शब्दांची झालर लावतात. मास्तर त्यातले नव्हते. ते आबांच्या गावी गेले, आठ-आठ दिवस शाळेत मुक्काम टाकला, म्हाताऱ्यांना बोलतं केलं. दोन महिन्यांनी ते माझ्या दुकानात आले, पाणी मागितलं आणि म्हणाले की पेव आबांनी उघडलेलं नाही.

मी दुकानाचं दार लोटून घेतलं.

हकीकत अशी होती. त्या दुष्काळात ज्वारीला सोन्याचा भाव आला होता. आबा पेवातली ज्वारी विकायचा सौदा करायला बऱ्हाणपूरला गेले होते. इकडे गावात लोक झाडाचा पाला उकडून खात होते. आबा गेल्यावर चौथ्या दिवशी अक्काने चार गडी बोलावून पेवाचं तोंड फोडलं. आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत एक दिवस थांबली, मग दिवा खाली सोडून बघितला आणि घरटी माप घालायला सुरुवात केली. आबा व्यापाऱ्याच्या रिकाम्या गाड्या घेऊन परत आले तेव्हा पेव निम्मं झालं होतं आणि अंगणात गाव बसलं होतं. त्या गावासमोर गाड्या भरणं आबांना जमलं नाही. गाड्या रिकाम्याच परत गेल्या.

मला वाटलं, म्हाताऱ्यांनी काहीतरी रचून सांगितलं असेल. म्हणून मी मास्तरांना घेऊन पाचोऱ्याला गेलो आणि नाना जिनमध्ये असताना अक्काला भेटलो. ती माजघराच्या उंबऱ्याशी तूर निवडत बसली होती. साठी उलटलेली, पण पाठ ताठ. मास्तरांनी आडवळणाने विषय काढला. तिला आडवळण लागलंच नाही.

“भाऊ बऱ्हानपूरले गयेल व्हता,” ती म्हणाली. “मी पेव उघाडं. त्यामा काय इचारानं?”

मास्तरांनी विचारलं, आबा रागावले नाहीत का. अक्का म्हणाली, वर्षभर माझ्याशी बोलला नाही. ताट समोर ठेवलं की जेवायचा, उठून जायचा. मग एक दिवस मामलेदार कचेरीत त्याला पागोटं बांधलं. ते घालून तो घरी आला, पाटावर बसला आणि म्हणाला, ‘वाढ.’ वर्षभरातला पहिला शब्द. त्यानंतर पेवाचा विषय बहीणभावांत कधी निघाला नाही.

हे पुस्तकात लिहिलं तर चालेल का, असं मास्तरांनी विचारल्यावर तिने सूप खाली ठेवलं. “लिखा ना. पन त्याले चोर नका करू. सोतानी दादर इकाले गयेल व्हता, दुसरानी नही.” दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. भाऊ आपलीच ज्वारी विकायला गेला होता, दुसऱ्याची नव्हे, एवढं तिचं म्हणणं.

मास्तरांनी तसंच लिहिलं. आबांचा सौदा, अक्काचं माप, रिकाम्या गाड्या, पागोटं आणि ‘वाढ’ हा शब्द. मी आजवर जी चरित्रं छापली त्यांत एवढं चांगलं प्रकरण मी वाचलेलं नाही. मी ते दोन्ही भावांपुढे ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

वकीलसाहेबांनी वाचता वाचताच तांबडी पेन्सिल काढली आणि करारातल्या तिसऱ्या अटीप्रमाणे सगळं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत छाटलं. तो त्यांचा हक्क होता. पण छाटल्यावर लक्षात आलं की अन्नदाते दौलतआबांच्या पुस्तकात अन्न कुठेच राहिलेलं नाही. उरला जन्म, जिन आणि मृत्यू. दुष्काळात नाना सात-आठ वर्षांचे होते. त्यांनी ‘हे खरं का’ असं एकदाही विचारलं नाही, त्यावरून मी काय ते समजलो. वकीलसाहेब बाहेर गेल्यावर ते हळूच म्हणाले, “दर दसऱ्याला आम्ही त्या पागोट्याची पूजा करतो. आता काय करायचं?”

इथे मला माझी हुशारी सुचली. मी विचार केला, खोटं लिहायला मास्तर तयार होणार नाहीत आणि खरं छापायला हे तयार होणार नाहीत. मग ज्यात खरंही नाही आणि खोटंही नाही, असं वाक्य शोधावं. मी कागद घेतला आणि लिहिलं, “त्या कठीण समयी पाटील घराण्याचे पेव गावासाठी उघडण्यात आले.”

वकीलसाहेबांनी ते दोनदा वाचलं. त्यांना आवडलं. यातलं एक अक्षरही कोर्टात खोटं ठरणार नाही, असं ते म्हणाले आणि मला वकील व्हायला हवं होतं, असंही म्हणाले. मला त्या वेळी त्याचा अभिमान वाटला, हे लपवत नाही. रिकाम्या गाड्या गेल्या, ‘वाढ’ गेलं, आणि सगळ्या प्रकरणाच्या जागी ते एक वाक्य आणि पागोट्याचं सविस्तर वर्णन राहिलं.

पण वाक्य नवं होतं, म्हणजे करारानुसार ते मास्तरांच्या हाताने पडायला हवं होतं. मी धुळ्याला गेलो. मास्तरांनी कागद वाचला आणि विचारलं, “कर्ता कुठे आहे?”

मी म्हटलं, अध्याहृत आहे. ते म्हणाले, अध्याहृत कर्ता वाचकाला कळतो, हा वाचकापासून लपवलेला आहे. मला व्याकरणातलं शाळेपुरतंच येत होतं. मी म्हटलं, कर्मणी प्रयोग खटकत असेल तर आपण तो बदलू. त्यावर ते प्रथमच थोडे हसले आणि म्हणाले, “‘अक्कांनी पेव उघडले’ हाही कर्मणीच आहे. प्रयोग निर्दोष आहे हो. माणूस गायब आहे.”

मग मी त्यांना खरं काय ते सांगितलं. हे पुस्तक अडलं तर जिनची छपाई माझ्याकडून जाईल, आणि ती गेली तर दुकानात फक्त लग्नपत्रिका उरतील, त्याही उन्हाळ्यापुरत्या. शेवटी मास्तरांनी माझं वाक्य आपल्या वळणदार अक्षरात हस्तलिखितात उतरवलं. टीपकागद दाबला. मग दुसरा कागद घेऊन दोन ओळी लिहिल्या की, चौथ्या अटीप्रमाणे माझं नाव पुस्तकावरून काढण्यात यावं. त्यांच्या पत्नी आतल्या दारात उभ्या होत्या. मास्तर त्यांना म्हणाले, “पुस्तक निघेल. पण ते माझं नव्हे.” त्या आत गेल्या. परतीच्या गाडीत ते दोन्ही कागद माझ्या खिशात होते. माझं काम झालं होतं. कोणी ओळखीचं भेटू नये असं मला चाळीसगावपर्यंत वाटत होतं.

पुस्तक निघालं. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, लेखकाचं नाव नाही. वर्षश्राद्धानंतर चार दिवसांनी जिनच्या आवारात मांडव घालून प्रकाशनाचा समारंभ ठेवला होता. अध्यक्षस्थानी मामलेदार होते, घाटावरून नव्याने बदलून आलेले. आबांच्या गावची माणसं दहा-बारा गाड्या करून आली होती. त्यांना समोर सतरंजीवर बसवलं होतं, बायका एका बाजूला, त्यांच्यात अक्का. पाचोऱ्याच्याच एका शिक्षकाने पुस्तकातलं दुष्काळाचं पान वाचायला घेतलं. आवाज चांगला होता. ‘उघडण्यात आले’ इथे येऊन तो जरा थांबला, टाळ्यांसाठी.

त्या शांततेत सतरंजीवरून उखाजी नावाचा म्हातारा उठला. त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून तो अगदी पुढे बसला होता. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्याला वाटलं, वाचणाऱ्याची एक ओळ सुटली.

“मास्तर, वरली वळ राही गयी,” तो म्हणाला. “अक्कानी उघाडं. परत वाचा.”

शिक्षक गोंधळला. त्याने वरची ओळ बघितली आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. उखाजीने शेजारच्याला विचारलं, नाव आलं का. शेजारी म्हणाला, नाव नही शे. “काबर नही?” का नाही, असं उखाजीने विचारलं. मग सतरंजीवर कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणालं, आम्ही बठ्ठास्नी खायेल शे, सगळ्यांनीच ती ज्वारी खाल्ली आहे. कोणी म्हणालं, अक्काच माप घालत होती, मी टोपली धरली होती. सगळ्या माना बायकांच्या बाजूला वळल्या.

मामलेदारांना आमची बोली कळत नव्हती. त्यांनी वकीलसाहेबांकडे झुकून विचारलं, हे लोक काय म्हणताहेत. वकीलसाहेब म्हणाले, वडिलांची आठवण काढताहेत.

अक्का बसल्या जागेवरून म्हणाली, “बस रे उखा. कार्य शे आज.” उखाजी बसला. आणि माझ्या शेजारचे विठ्ठलनाना उभे राहिले. मला वाटलं, ते आभार मानून समारंभ आवरता घेतील. ते व्यासपीठावर गेले नाहीत, माईकसारखं काही तेव्हा नव्हतंच, जागेवरूनच बोलले.

“पेव अक्काने उघडलं. आबा बऱ्हाणपूरला होते. मी तिथे होतो, मी बघितलं आहे.”

एवढं बोलून ते खाली बसले आणि उपरण्याने तोंड पुसलं. मामलेदारांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनीच वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी नाना माझ्या दुकानात आले. पाचशे प्रती बांधून तयार, शंभर वाटूनही झालेल्या. आता दुरुस्ती कशी करायची, हे त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं की आमच्या धंद्यात त्याला उपाय आहे. एक छोटा कागद छापायचा, चुकीची ओळ आणि बरोबर ओळ त्यावर द्यायची आणि तो पुस्तकात घालायचा. वकीलसाहेबांनी पुष्कळ वाद घातला. बऱ्हाणपूरचा उल्लेख येणार नाही, या बोलीवर ते अखेर गप्प बसले. मजकूर नवा, म्हणून हात मास्तरांचाच हवा. मी पुन्हा धुळ्याला गेलो.

मास्तरांना समारंभाची हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी उखाजीचं वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग टाक घेतला आणि लिहिलं: पृष्ठ एकतीस, ओळ सहा, ‘पेव गावासाठी उघडण्यात आले’ याऐवजी ‘दौलतआबांच्या वडील भगिनी’, आणि तिथे ते थांबले. अक्कांचं नाव काय, त्यांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं. जागा कोरी ठेवून मी परत आलो.

नानांना विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. वकीलसाहेबांकडे घरादाराचे, जमिनीचे सगळे दस्तऐवज होते. त्यांनी ते उलटेपालटे केले, त्यांत कुठेच तिचं नाव नव्हतं. ज्या बाईने दोघांना अंगाखांद्यावर खेळवलं तिचं नाव दोघांनाही सांगता येईना, आणि ते एकमेकांकडे बघायचं टाळत होते. शेवटी आम्ही तिघेही माजघरात गेलो.

“मनं नाव?” अक्का म्हणाली. “आते कोन इचारस?” मग तिने विचारलं, “माहेरनं का सासरनं?”

दोन नावं होती. सासरी ठेवलेलं लक्ष्मी, माहेरचं झिपा. वकीलसाहेब लगेच म्हणाले की छापायला लक्ष्मीबाई शोभेल, झिपा वगैरे गावंढळ दिसतं. अक्का तूर निवडत होती, तशीच निवडत राहिली.

“लक्ष्मी त्या घरमा दीड वरीस व्हती,” ती म्हणाली. “पेव झिपानी उघाडं.”

नाना मला म्हणाले, झिपाबाई लिहा.

कागद जुळवताना मला वाटलं की खाली मास्तरांचं नाव असावं. पण चौथी अट होती, आणि ती खुद्द मास्तरांनीच लागू केलेली. मी वकीलसाहेबांना विचारलं. त्यांनी करारनामा काढून चष्मा लावून वाचला. ते म्हणाले, करारात ‘पुस्तकावरून’ असा शब्द आहे, आणि हा कागद म्हणजे पुस्तक नव्हे. त्यांच्या सगळ्या वकिलीत त्यांनी मला दिलेला हा सगळ्यात चांगला सल्ला. त्याची फीही त्यांनी घेतली नाही.

खाली मास्तरांचं नाव घालून असे पाचशे कागद मी छापले. वाटून झालेल्या शंभर घरी नानांनी माणूस पाठवून ते पोचवले. बाकीच्या प्रतींत आम्ही ते सुटेच घातले. त्यांतले किती राहिले आणि किती गळून पडले, कोण जाणे. आबांच्या गावात काहींनी पुस्तक फळीवर टाकलं आणि कागद मात्र पोथीत जपून ठेवला, असं मागे उखाजी सांगत होता. धुळ्याला पाठवायच्या दोन प्रतींत मी तो कागद माझ्या हाताने खळ लावून चिकटवला, वर रात्रभर वजन ठेवलं आणि पार्सल केलं.

आठ दिवसांनी मास्तरांचं कार्ड आलं. प्रती पोचल्या, असं आधी लिहिलं होतं. पुढे होतं: “कागदाच्या माथ्यावर आपण ‘शुद्धीपत्र’ असे छापले आहे. त्यातील ‘द्धि’ ऱ्हस्व हवा. बाकी मजकूर बरोबर आहे.”